आरोग्याचं वाण

चारुताबाईंना कुणी काही शिकवायला गेलं की त्या आधी हसायच्या आणि मग त्यालाच शिकवायच्या. मायक्रोबायोलॉजीच्या प्राध्यापक, त्यातून मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर, आणि हे कमी पडलं म्हणून की काय, कॉलेजच्या आरोग्य समितीच्या प्रमुख. कॅम्पसवर कुणी शिंकलं तर पलीकडच्या खोलीतून त्यांचा आवाज यायचा, "कोपरात, कोपरात!" तळहातात शिंकायचं नाही, कोपरात शिंकायचं, हे त्यांनी शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांकडून घोटवून घेतलं होतं. ताप आलेल्या मुलीनं वर्गात यायचं नाही आणि तिची हजेरी कापायची नाही, हा नियम तर त्यांनी भांडून करून घेतला होता. चांगला नियम होता. त्याबद्दल त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. नावं ठेवायला पुढं भरपूर जागा आहे.

वसतिगृहात दरवर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू व्हायचं. रेक्टरबाई प्रत्येक मुलीला कुंकू लावायच्या, हातावर तिळगूळ ठेवायच्या आणि काहीतरी वाण द्यायच्या. कधी कंगवा, कधी पेन. एका वर्षी तर चहाची गाळणी दिली होती. वसतिगृहातल्या मुलींनी तिचं काय करावं हे आजवर कुणाला कळलेलं नाही. या वर्षी थंडी कडक होती, शहरात फ्लूचे पेशंट वाढल्याच्या बातम्या येत होत्या, आणि चारुताबाईंच्या डोक्यात कल्पना आली. सॅनिटायझरची छोटी बाटली आणि एक मास्क, वर चिठ्ठी: 'आरोग्याचं वाण'. प्राचार्य खूश झाले. संस्थेचे अध्यक्ष खूश झाले. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर यायला कबूल झाला. चारुताबाईंनी काळी चंद्रकळा इस्त्रीला दिली.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी दोन मुलींना शेजारी बसवून त्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या, तेव्हाच घसा खवखवत होता. नुकत्याच त्या नाशिकला भाचीच्या लग्नाला जाऊन आल्या होत्या आणि तिथं निम्मं वऱ्हाड खोकत होतं. संक्रांतीच्या सकाळी उठल्या तर अंग ठणकत होतं.

"चारू, अंग तापलंय तुझं," श्रीनिवासराव चहा देताना म्हणाले. कप देता देता नवऱ्यानं कपाळालाही बोटं लावून बघितली, तशा त्या चिडल्या.

"कणकण आहे नुसती. परवा तिळासाठी शहागंजच्या बाजारात किती फिरले उन्हातनं."

"थर्मामीटर लाव ना."

"नको."

थर्मामीटर लावला की आकडा दिसतो, आणि आकडा दिसला की नियम लागू होतो. एवढं विज्ञान चारुताबाईंना पक्कं ठाऊक होतं.

"तुझ्या एखाद्या मुलीनं असं केलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"मुलींची गोष्ट वेगळी असते," त्या म्हणाल्या. तापाची गोळी घेतली, अंग जरा हलकं झालं, आणि त्या चंद्रकळा नेसायला गेल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण त्यांनी स्वतः कितीतरी भाषणांत वापरली होती.

कार्यक्रम फार छान झाला. मेसच्या हॉलमध्ये सगळ्या मुली नटून बसल्या होत्या. खिडक्या बंद होत्या, कारण वारं आलं की रांगोळी विस्कटते. चारुताबाई एकेकीच्या समोर वाकत होत्या, कपाळाला बोट लावत होत्या, ओंजळीत लाडू ठेवत होत्या, "गोड बोला गं, निदान परीक्षेपर्यंत तरी" असं प्रत्येकीला म्हणत होत्या. मास्क वाणात होता. तोंडावर नव्हता, कारण फोटोत चेहरा दिसायला हवा. मधूनमधून त्यांना दरदरून घाम फुटत होता. मुलींना वाटलं, मॅडम दमल्या.

कार्यक्रम अर्ध्यावर आला तेव्हा राजनंदिनी आली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची, गाव बिडकीनच्या पुढं. खांद्यावर बॅग, केसात ज्वारीचं कुसळ, आणि दारातच तिला जोरदार ढास लागली. आदल्या दिवशी शेतात सगळ्या पाव्हण्यारावळ्यांना हुरडा भाजून खाऊ घातला होता; आगटीपाशी बसायचं काम तिचं, आणि धूर तिला बाधायचा. लहानपणापासूनचं होतं ते. पण हॉलमध्ये ती अशी काही खोकली की फोटोग्राफरसुद्धा वळला.

"राजनंदिनी! कोपरात!" चारुताबाई म्हणाल्या. सगळ्या हसल्या. राजनंदिनीही कोपरात तोंड घालून हसली. मग ती पुढं आली, चारुताबाईंनी तिला कुंकू लावलं, लाडू दिला, आणि बाटली तिच्या हातात देतानाच फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी तोच छापून आला.

फोटो छापून आला त्या सकाळी चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या दोघी मुली अंथरुणातून उठल्या नाहीत. ताप, अंगदुखी. चारुताबाईंनी घरूनच फोनवर ऐकलं, कारण त्याही अंथरुणात होत्या. ऑफिसला 'घरगुती अडचण' कळवून त्यांनी रजा टाकली होती. त्यानंतर राजनंदिनी तापली, तिची रूममेट मेघा तापली, समोरच्या खोलीतल्या तापल्या, आणि बघता बघता वसतिगृहाचा एक अख्खा मजला कण्हायला लागला. तपासणीत फ्लू निघाला.

बरं वाटताच चारुताबाई कामावर आल्या आणि पदर खोचून उभ्या राहिल्या, हेही सांगायला हवं. तापलेल्या मुलींना पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या खोल्यांत हलवलं. सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या. ताट खोलीच्या दाराशी, ग्लास ज्याचा त्याचा, भेटायला आलेल्या पालकांना फाटकातूनच परत. घरी न्यायला आलेल्या आईबापांना त्यांनी हात धरून समजावलं, की गावाकडं म्हातारी माणसं असतात, तान्ही लेकरं असतात, पोरगी इथंच राहू द्या. डॉक्टरांना रोज फेरी घालायला लावली. स्नेहसंमेलन चार दिवसांवर होतं, तेही पुढं ढकलायला लावलं. हे सगळं बरोबर होतं, एकही गोष्ट चुकली नव्हती. त्यांच्याएवढं चांगलं कुणाला जमलंही नसतं. लाज वाटायला लागली की माणूस दुप्पट काम करतो.

कारण त्यांना कळलं होतं. पहिल्या दोघी आजारी पडल्या त्या कोण, त्या संक्रांतीच्या आदल्या दिवशी कुणाच्या मांडीला मांडी लावून बसल्या होत्या, हे जोडायला मायक्रोबायोलॉजीची पदवी लागत नाही. आणि यांच्याकडं तर ती होती.

स्नेहसंमेलन ढकललं म्हणून मात्र कॉलेज पेटलं. पोरांनी दोन महिने नाचाच्या तालमी केल्या होत्या, ड्रेस भाड्यानं आणले होते. प्राचार्यांनी बैठक बोलावली. अध्यक्षांचा फोन येऊन गेला होता आणि त्यांना एकच गोष्ट हवी होती, हे आलं कुठून.

"मॅडम, तुम्ही या विषयातल्या," प्राचार्य म्हणाले. "सुरुवात कुणापासून झाली असेल?"

टेबलाभोवतीच्या सगळ्या माना चारुताबाईंकडं वळल्या. सांगायची हीच वेळ होती. 'माझ्यापासून' एवढा एकच शब्द होता. तो त्यांच्या जिभेवर आलाही होता. पण टेबलावर वर्तमानपत्राचं कात्रण ठेवलेलं होतं, आणि त्यातल्या चारुताबाई हसत होत्या.

"ती बिडकीनकडची मुलगी गावाहून खोकतच आली होती," त्या म्हणाल्या. "म्हणजे, तसं नक्की सांगता येत नाही."

दुसरं वाक्य कुणी ऐकलं नाही. दुसरं वाक्य कुणी ऐकत नाही, हे चारुताबाईंनाही माहीत होतं. त्यांनी ते स्वतःसाठी म्हटलं होतं.

चहाचे कप उचलले जायच्या आत बातमी बैठकीतून ऑफिसात गेली, ऑफिसातून कँटीनमध्ये, आणि संध्याकाळच्या जेवणापर्यंत वसतिगृहात. मुलींनी तापाला नावच पाडलं, 'बिडकीनचा ताप'. राजनंदिनी तीन दिवसांत बरी झाली, शेतातलं अंग. पण बरी होऊन मेसमध्ये आली तर तिच्या टेबलावरच्या मुली ताटं घेऊन उठल्या. नाच बसवणारी एक जण तिच्या तोंडावर म्हणाली, "हुरडा खाल्ला तुम्ही आणि भोगतोय आम्ही." राजनंदिनीनं उलटून उत्तर दिलं असतं, तिला येत होतं. पण त्याच दिवशी मेघाचा दम उखडला. मेघा जालन्याची, तिला मुळात दमा. छातीत कफ भरला, ऑक्सिजन उतरला, आणि तिला जालना रोडवरच्या एका दवाखान्यात अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. तेव्हापासून राजनंदिनीची जीभच गळून पडली. मेघा तिची पहिल्या दिवसापासूनची मैत्रीण. दोघींचं एकच तेलाचं पाकीट, एकच चार्जर.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हे. आणि चोर रोज सकाळी फेरी घालून सगळ्यांची तब्येत विचारत होता.

दोन दिवसांनी राजनंदिनीचे वडील आले. भानुदासराव. पांढरा शर्ट, हातात टोपी, पायातल्या चपला त्यांनी ऑफिसच्या बाहेर काढल्या. सोबत पिशवीभर बोरं आणली होती. चारुताबाईंना वाटलं, हे भांडायला आलेत. मनातून त्यांना बरंही वाटलं. कुणीतरी भांडावं, आवाज चढवावा, म्हणजे आपल्यालाही काहीतरी बोलता येईल.

भानुदासरावांनी हात जोडले.

"मॅडम, माफी मागायला आलो. आमच्या पोरीमुळं तुमच्या हॉस्टेलला लई तरास झाला. तुमचा पोग्राम मोडला. ती जालन्याची लेक दवाखान्यात हाय म्हणं. घरातल्या कुणालाच ताप नव्हता वो, देवाशपथ नव्हता. न्हायतर पाठवलीच नसती. पर आता तुम्ही शिकलेली माणसं म्हणता तर आसंल. तिला काढू नका एवढंच. फुडल्या वर्साला ती पास झाली की आमच्या भावकीत पहिली हाय ती."

चारुताबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. जोडलेले हात खाली येत नव्हते. बोटांच्या पेरांत काळ्या मातीच्या रेघा बसल्या होत्या. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. बोलायला यापेक्षा सोपी जागा मिळणार नव्हती.

"असू द्या हो," त्या म्हणाल्या. "होतं असं. मुद्दाम का कुणी करतं? कुणी काढत नाही तिला. तुम्ही निश्चिंत जा."

भानुदासरावांचे डोळे भरून आले. "लई मोठं मन हाय तुमचं," असं म्हणून ते खाली वाकायला लागले, तेव्हा चारुताबाई खुर्चीतून उठून भिंतीला टेकल्या. त्यांनी एका निरपराध माणसाला क्षमा केली होती. आजवर आयुष्यात लाज वाटेल असं त्यांच्या हातून थोडंफार झालं होतं, सगळ्यांच्याच होतं, पण हे असं कधी झालं नव्हतं. बोरांची पिशवी टेबलावर तशीच राहिली. ती त्यांना घरी नेववेना आणि टाकवेना. शेवटी त्यांनी ती मेसमध्ये पाठवली, तर मुलींनी 'बिडकीनची बोरं' म्हणून हात लावला नाही.

त्याच दुपारी राजनंदिनी प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. डोळे सुजलेले, वेणी घातलेली नव्हती.

"मॅडम, एक विचारू? तुम्ही हेच शिकवता म्हणून विचारते. बाकी कुणाचं मी ऐकत नाय. मेघाला माझ्यामुळंच झालं ना वो?"

"विषाणू असा कुणाचा नसतो गं," चारुताबाई म्हणाल्या. "हवेतून येतो, थेंबातून येतो. साथ म्हणजे साथ. कुणा एकाला दोष देणं शास्त्रीय नाही."

उत्तर अगदी बरोबर होतं. पुस्तकात असंच आहे. राजनंदिनीनं ते नीट ऐकलं, मान हलवली आणि म्हणाली, "म्हंजी माझ्यामुळंच झालं. मला वाईट वाटंल म्हणून तुम्ही सांगंना झालात." आणि ती गेली. मेसमधून कळलं, दोन दिवस ती जेवलेली नव्हती. मेघा सुधारली नाही तर मी गावाकडं निघून जाते, मला इथं तोंड दाखवायचं नाय, असं शेजारच्या मुलीला म्हणाली होती.

घरी गेल्यावर चारुताबाई चपलाही न काढता सोफ्यावर बसल्या.

"सांगितलंस?" श्रीनिवासरावांनी विचारलं. गेले कित्येक दिवस ते एवढंच विचारत होते.

"नाही."

"मग जेवायला वाढू?"

"तू मला शिव्या का देत नाहीस?"

"मुलींना तूच शिकवलंस ना, ग्लास ज्याचा त्याचा? शिव्यांचंही तसंच, ज्यानं त्यानं आपल्या आपल्याला द्यायच्या," ते म्हणाले आणि ताटं घ्यायला गेले. बँकेत उभा जन्म काढलेला माणूस, पण बोलायला लागला की असा वर्मावर बोट ठेवायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी चारुताबाईंनी मेसच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं. बऱ्या झालेल्या मुली, कर्मचारी, प्राचार्यही आले. मागं राजनंदिनी खांबाला टेकून उभी होती. चारुताबाई बोलायला उठल्या आणि चांगल्या बोलल्या. तिथंच घात झाला. पंचवीस वर्षं भाषणं दिलेली जीभ. ती रडायला गेली तरी वाक्यं जुळवून रडते.

"ज्या हातांनी मी तुम्हाला आरोग्याचं वाण दिलं, त्याच हातांनी मी तुम्हाला आजार दिला," त्या म्हणाल्या. "मला त्या दिवशी बरं नव्हतं. तरी मी आले. या साथीचा दोष एका मुलीवर ठेवला जातोय. तो तिचा नाही. तो माझा आहे. कुणाला बोट दाखवायचं असेल तर माझ्याकडं दाखवा."

मग मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. मेसच्या मावशींनी पदरानं डोळे पुसले. प्राचार्य उठून म्हणाले, "रेक्टर कशी असावी, तर अशी! एका लेकराला बोल लागू नये म्हणून मॅडमनी तो स्वतःच्या अंगावर घेतला. यातून आपण सगळ्यांनी शिकण्यासारखं आहे." नाच बसवणारी मुलगी उठून राजनंदिनीजवळ गेली आणि म्हणाली, "मॅडमचं तोंड बघून सोडलं तुला, बरं का."

चारुताबाई हात हलवत "अहो नाही, ऐका, खरंच" म्हणत राहिल्या. जितकं म्हणत गेल्या तितका त्यांचा मोठेपणा वाढत गेला. टाळ्या अंगावर पडत होत्या आणि त्यांना तिथून पळून जावंसं वाटत होतं. आपण कबुली दिली, आणि त्याचंही कौतुकच पदरात पडलं. शरमेनं त्यांचे कान जळत होते. मागच्या आठवड्यातल्या तापात जळले नसतील इतके.

गर्दी पांगल्यावर राजनंदिनी आली आणि कुणी काही म्हणायच्या आत तिनं वाकून त्यांच्या पायावर डोकं ठेवलं.

"माझ्यापायी तुम्ही खोटं बोललात मॅडम. आईसुदिक एवढं करत नाय."

चारुताबाईंनी तिला खांदे धरून उठवलं आणि प्रयोगशाळेत नेलं. दार लोटलं, एका स्टुलावर तिला बसवलं, दुसऱ्यावर आपण बसल्या. या वेळी त्यांनी वाक्यं जुळवली नाहीत.

"मला संक्रांतीला ताप होता. अंग तापलं होतं, हाडं दुखत होती. गोळी घेऊन आले."

"व्हय मॅडम," राजनंदिनी प्रेमानं म्हणाली. लहान मुलाची समजूत घालावी तसं.

"व्हय नको म्हणू. मी विचारते त्याचं उत्तर दे. तू आलीस तेव्हा तुला ताप होता?"

"ताप नव्हता. ढास व्हती."

"ढास कशाची?"

"आगटीच्या धुराची. दरसाली व्हती मला."

"घरात कुणाला ताप?"

"नाय."

"त्यानंतर आजतागायत गावात कुणाला?"

"नाय, आबा सांगत व्हते, कुणालाच नाय."

"सगळ्यात आधी कोण आजारी पडलं वसतिगृहात?"

राजनंदिनीनं त्या दोघींची नावं सांगितली.

"तू त्यांच्याशी बोललीस कधी? त्यांच्या खोलीत गेलीस?"

"त्या शेवटच्या वर्षाच्या. त्या कशाला माझ्याशी बोलत्यात?"

"तू गावातच होतीस, तेव्हा त्या दोघी दिवसभर माझ्या शेजारी बसून बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवत होत्या. माझा घसा तेव्हाच धरला होता. ताप यायच्या आधीपासूनच माणूस दुसऱ्याला देऊ शकतो, हे मी तुम्हाला मागच्या सत्रात शिकवलंय."

राजनंदिनी हुशार मुलगी होती. चारुताबाई तिच्या चेहऱ्याकडं बघत राहिल्या. आधी त्यावर नुसती माया होती. मग भुवया जवळ आल्या, ओठ हलले, बोटं मांडीवर काहीतरी जुळवत राहिली. मग माया हळूहळू निघून गेली. चारुताबाईंना हेच हवं होतं, यासाठीच तिला इथं आणलं होतं, आणि तरी ती जाताना बघणं फार जड गेलं.

"म्हंजी मेघाला माझ्यामुळं नाय झालं."

"तुझ्यामुळं नाही. तुलाही माझ्यामुळंच झालं."

राजनंदिनीनं दीर्घ श्वास सोडला. कितीतरी दिवसांनी सोडला असावा.

"मॅडम, बैठकीत माझं नाव कुणी घेतलं मंग?"

भाषणात हीच एक गोष्ट नव्हती. चारुताबाईंनी ती गाळली होती. गाळली तेव्हा त्यांना वाटलंही नव्हतं की आपण काही गाळतोय.

"मी."

"तवा तुम्हाला ठाव व्हतं?"

"होतं."

"मंग?"

खूप उत्तरं होती. घाबरले, सुचलं नाही, अध्यक्षांचा फोन आला होता. सगळी खरीसारखी होती.

"तुझं नाव घेणं सोपं होतं," चारुताबाई म्हणाल्या. "तुझ्या बाजूनं कुणी जाब विचारायला येणार नाही, हे मला माहीत होतं. आणि तुझे वडील आले तेही माफी मागायला आले. मी त्यांना माफ केलं."

राजनंदिनी उठली. रडली नाही, ओरडली नाही. तिनं पिशवीतून फोन काढला, नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन त्या दोघींच्या मधल्या ओट्यावर ठेवला. ओट्यावर काचेच्या बशा वाळत घातल्या होत्या.

"आबांना सांगा. मला सांगितलं तसंच. हॉलमधल्यासारखं नगं."

पलीकडून पंपाचा आवाज येत होता. मग भानुदासराव बोलले, "हा, बोल गं बाई. जेवली का?"

"आबा, मॅडम बोलत्यात."

"व्हय व्हय, नमस्कार मॅडम! ती जालन्याची लेक कशी हाय?"

"सुधारतेय. ऑक्सिजन काढलाय आज सकाळी," चारुताबाई म्हणाल्या. "भानुदासराव, मला तुमची माफी मागायचीय."

"काय वो मॅडम, माफी कशाची! तुमचे उपकार हायेत आमच्यावर. तुम्ही म्हणून पोरीला संभाळून घेतली..."

"तुमच्या मुलीची काही चूक नव्हती."

"व्हय मॅडम, तुमचं मन मोठं म्हणून तुम्ही..."

"चूक माझी होती."

"व्हय मॅडम, बरं बरं, व्हय..."

तो 'व्हय' चारुताबाईंना सोसवेना. तो त्यांच्या प्रत्येक शब्दाला उचलून मखरात नेऊन बसवत होता. त्यांनी असहायपणे राजनंदिनीकडं पाहिलं. राजनंदिनी फोनवर वाकली.

"आबा, पंप बंद करा. आन् व्हय व्हय करू नगा. त्या काय सांगत्यात ते आधी पुरं ऐका. तुम्ही हितं कशापायी हात जोडून गेलात, ते सांगत्यात त्या."

पंप थांबला. पलीकडं शेत असावं, कुठंतरी पाखरं ऐकू येत होती. चारुताबाईंनी ओट्याची कड धरली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

"संक्रांतीला मला ताप होता, तो लपवून मी आले," त्या म्हणाल्या. "नंतर बैठकीत, सगळं माहीत असताना, मी तुमच्या मुलीचं नाव घेतलं."

या वेळी पलीकडून कुणी व्हय म्हणालं नाही.